चोपड्याच्या गाडीमागचा खोकला

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर कापूस बसतो, तसे काही माणसांच्या अंगावर किस्से बसतात. झटकले तरी जात नाहीत. उलट झटकणाऱ्याच्या अंगावर येतात. आमचे हिलालनाना त्यातले. पारोळ्याचे. अहिराणीत पॉप गाणी स्वतः लिहिणारे, स्वतःच चाल लावणारे आणि स्वतःच गाणारे. मी तरुणपणापासून त्यांच्या पार्टीत बेन्जो वाजवतो. नाव काहीही असो, मला सगळे बापू म्हणतात.

सध्या नानांचा 'बेस्ट ऑफ हिलाल' अल्बम आला आहे. आयुष्यभराची गाणी, एका जागी, त्यांच्या नावावर. तो कसा आला त्याचे हे किस्से. शब्द न् शब्द खरा आहे, कानबाईची शपथ. म्हणजे एक जागा सोडून. तिथे मी थोडं मीठ टाकलंय. कुठे, ते शेवटी सांगतो. शपथ मोडायची तर निदान सांगून मोडावी.

*

नानांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'चोपडानी गाडी'. पोरगी एसटीत बसून चोपड्याला निघून जाते आणि हा गडी फाट्यावर उभा राहतो, एवढीच गोष्ट.

तेव्हा स्टुडिओ परवडायचा नाही. कोणीतरी सांगितलं, कापसाच्या गोडाऊनमध्ये आवाज घुमत नाही. नाना लगेच धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये टेप घेऊन गेले. चारी बाजूंनी कापसाचे ढीग, मधे आम्ही. आवाज खरंच घुमत नव्हता, पण श्वासही चालत नव्हता.

नाना गायला लागले. "चोपडानी गाडी सुटी गई, मी फाटावर उभा राहिनू..." आणि नेमका तिथे त्यांच्या नाकात कापूस गेला. दोनदा खोकले. खोल, बेंबीपासून. पुढे गात राहिले. दर कडव्याला हीच ओळ, दर वेळी हाच खोकला. गाणं संपलं आणि लाइट गेली.

मी म्हटलं, "नाना, लाइट आली की परत घेऊ. खोकला आलाय मधे."

नाना म्हणाले, "गाडी गई ना? धूळ उडनी ना? मंग खोकला येवाव नही का?"

कॅसेट तशीच बाजारात गेली.

*

लोकांनी गाणं उचललं ते खोकल्यासकट. लग्नात बँडवाले हे गाणं वाजवायला लागले तेव्हा खोकला कोणी वाजवायचा, हा प्रश्न पडला. धुळ्याच्या एका बँडमास्तरने ते काम झांजवाल्याकडे दिलं. दोन सीझनमध्ये झांजवाला इतका प्रसिद्ध झाला की लोक सुपारी देताना विचारायचे, "खोकल्यावाला येणार ना? नाहीतर दुसरा बँड बघू."

पुढे तो झांजवाला मास्तरशी भांडला. झांजा ठेवून गेला, पण खोकला घेऊन गेला. समोरच्या बँडमध्ये गेला.

जळगावच्या स्टँडवरून चोपड्याची गाडी हलली की खाली उभी कॉलेजची पोरं दोनदा खोकायची. एक कंडक्टर चिडून खाली उतरला. म्हणाला, "गाडी जुनी आहे, मान्य. पण रोज रोज तिची इज्जत काढू नका."

पोरांनी त्याला गाणं ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून डबल बेल दिल्यावर तो स्वतःच खोकायला लागला.

*

या गाण्यावर खूश नसलेली एकच व्यक्ती खानदेशात होती. सुमनअक्का, नानांची बायको. कारण अक्का असोद्याच्या. चोपड्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. नानांना प्रत्येक गावात कोणीतरी विचारायचंच, "नाना, ती चोपड्याची कोण हो?" नाना गॉगल नीट करायचे आणि गूढ हसायचे. ते हसू घरी महागात पडायचं.

गाणं लागलं की अक्का उठून स्वयंपाकघरात जायच्या. स्वयंपाकघरात असल्या तर अंगणात यायच्या. टीव्हीवर लागलं तर टीव्हीचं बटण. एकदा मी समोर बसलो असताना त्या नानांना म्हणाल्या, "इतकी वर्षं तिच्या नावाने खोकताय. एकदा तिच्या घरी जाऊन पाणी पिऊन या, म्हणजे बरं वाटेल."

नाना माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "बापू, तू कसाले हसी राहिना? बेन्जो पूस."

*

अल्बमसाठी पुण्याहून कंपनीचे अनिकेत सर आले. पोरगेला, सभ्य, पाण्याची बाटली सोबत घेऊन फिरणारा. आधी फोटो काढायचा ठरला. त्याने कल्पना सांगितली, "नाना, धोतर, फेटा, मागे बैलगाडी. मातीचा फील येईल."

नाना आत गेले. बाहेर आले ते जीन्सचं जाकीट, लाल मफलर आणि गॉगल घालून. अंगणातली फटफटी स्टँडवरून काढली आणि तिच्यावर बसले.

"नाना, हे खानदेशी वाटत नाही."

"मी खानदेशी शे. म्हणजे मी जे घालीन ते खानदेशी. बैलगाडी पाहिजे तर पोळ्याला या. त्या दिवशी बैलाचा फोटो काढा, तो नाही म्हणणार नाही."

फोटो फटफटीवरच निघाला. अनिकेत सरांनी शेवटचा प्रयत्न केला, "निदान गॉगल?"

"डोळे गाण्यात दिसतात," नाना म्हणाले. कव्हर बघा, गॉगल आहे.

*

खरी अडचण पुढे आली. जुन्या मूळ टेपा उरल्याच नव्हत्या. घरात होत्या त्या कॅसेटींचा गावोगावच्या टेपरेकॉर्डरनी चघळून चोथा केला होता. म्हणून सगळी गाणी नव्याने, नानांच्या आजच्या आवाजात, जळगावच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड झाली. आवाज उतरलाय, पण अजून धार आहे. 'चोपडानी गाडी' तर पहिल्याच टेकमध्ये ओके झालं.

काचेपलीकडून अनिकेत सरांनी अंगठा दाखवला. नानांनी हेडफोन काढला आणि मला विचारलं, "बापू, कोन मरनं?"

"कोणी नाही नाना. का?"

"मंग मधे इतलं शांत कसाले शे?"

खोकला आला नव्हता. स्टुडिओत कापूस नव्हता, धूळ नव्हती, घसा स्वच्छ होता. नाना म्हणाले, थांबा, वेगळा खोकून देतो. माइकसमोर उभे राहिले आणि खोकले. मी बेन्जोची शपथ घेऊन सांगतो, तो खोकला नव्हताच. भाषणाआधी पुढारी घसा साफ करतो ना, तसा आवाज आला. परत खोकले. या वेळी सासरा घरात शिरताना सुनेला कळावं म्हणून खाकरतो, तसं वाटलं.

नाना म्हणाले, कापूस आणा.

मी बोदभर, म्हणजे मोठं पोतं भरून, कापूस आणला. स्टुडिओवाला नको नको म्हणत असताना नानांनी तो उधळला. रेकॉर्डिंग सुरू झालं. नाना तयार, माइक तयार. खोकायला लागला तो एसी. आधी बारीक, मग धाप लागल्यासारखा, आणि शेवटी दोनदा खोल, अगदी सुरात. मग बंद पडला. नानांच्या नाकात मात्र एक तंतू गेला नाही. इतक्या वर्षांत त्यांचं नाक कापसाला ओळखायला लागलं होतं.

*

दोन दिवसांनी अनिकेत सरांनी पुण्याचा निरोप सांगितला. "नाना, खोकल्याशिवाय जाऊ द्या. तो एक अपघात होता. आता कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"मग गाणं काढून टाका."

"ते काढलं तर अल्बम कोण घेणार?"

"मग अल्बम काढून टाका."

मी नानांकडे बघितलं. या माणसाची गाणी आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरली. कोणी चाल उचलली, कोणी नाव बदललं, कोणी रिमिक्स करून स्वतःचा फोटो छापला. स्वतःच्या नावाची एकच वस्तू आता हातात येत होती. मी हळूच म्हटलं, "नाना, दोन खोकल्यांसाठी आयुष्य सोडता?"

"मन्हं गानं शे, मन्हा खोकला शे," नाना म्हणाले. "लोकांनी माझं नाव पुसून पुसून गाणं नेलं. खोकला कोणी चोरू शकला नाही. तोच मी हाताने काढून देऊ?"

अनिकेत सर वाईट माणूस नव्हता. त्याने तोड काढली. पारोळ्यात नानांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला डीजेवर नवं, साफ गाणं वाजवायचं. कोणाला काही सांगायचं नाही. लोकांना खोकला आठवला तर कंपनी ऐकेल. नाही आठवला तर नाना ऐकतील.

नानांनी हात पुढे केला. "मंजूर."

रस्त्यात मी म्हटलं, "नाना, हळदीला सगळी आजची पोरं असतात. त्यांनी कॅसेट पाहिलेली नाही."

नाना गॉगल लावून फटफटी चालवत होते. ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

*

हळद लागली. मंडपात एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे पोरं नाचतायत. मागे वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या. अनिकेत सर बायांच्या खुर्च्यांजवळच्या खांबाला टेकून उभा, हातात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र. पुण्याला पुरावा पाठवायचा होता ना. नाना आणि मी समोर.

डीजेवाल्याने 'चोपडानी गाडी' लावलं. पोरांनी हात वर केले. सुरुवात जोरात झाली. मग ती ओळ आली, "मी फाटावर उभा राहिनू..."

आणि काही नाही.

पोरं नाचत राहिली. बट्टी फोडणारे फोडत राहिले. गाणं त्या जागेवरून असं सरळ निघून गेलं, जशी थांबा नसलेली गाडी फाट्यावरून जाते. अनिकेत सरांनी मान खाली घातली. त्यालाही बरं वाटलं नव्हतं. नानांनी गॉगल काढला. इतक्या वर्षांत मी त्यांना मंडपात गॉगल काढताना पाहिलं नव्हतं.

"चाल बापू," ते म्हणाले. "जेवण करून घेऊ."

आम्ही वळलो. दुसरं कडवं सुरू होतं. मला सवयीने वाटलं, अक्का उठून गेल्या असतील. बघितलं तर त्या तिथेच. अनिकेत सरांच्या शेजारच्या खुर्चीत, हाताला ओली हळद, मांडीवर कोणाचं तरी लेकरू. ती ओळ परत आली. "चोपडानी गाडी सुटी गई, मी फाटावर उभा राहिनू..."

अक्का खोकल्या.

दोनदा. खोल, बेंबीपासून. बरोबर तालात. हात तोंडाशी गेला तशा बांगड्या वाजल्या. लेकरू दचकून रडायला लागलं.

बाजूच्या आजीने अक्काकडे बघितलं आणि तीही खोकली. मग पंगतीतले म्हातारे उठले. एकाच्या तोंडात बट्टी होती, तरी त्याने जमवलं. तिसऱ्या कडव्याला सगळा मंडप खोकला. बठ्ठा मंडप. नवरी खोकली, डीजेवाला खोकला, आणि ज्यांनी कॅसेट पाहिली नव्हती ती पोरं सगळ्यात जोरात खोकली. वाढप्याने घाबरून पाण्याचे जग आणले.

नानांनी गॉगल परत घातला. तो त्यांनी जेवतानाही काढला नाही.

परतताना फटफटीवर अक्का मागे बसल्या. मी माझ्या गाडीवर बाजूने चाललो होतो, म्हणून ऐकू आलं.

नानांनी विचारलं, "धूळ गेली का नाकात?"

अक्का म्हणाल्या, "पुढे बघून चालवा."

*

अल्बम आला आहे. 'चोपडानी गाडी' पहिलंच गाणं. खोकला आहे, जागच्या जागी, सगळ्या कडव्यांना. कंपनीने कव्हरवर सगळ्यांची नावं छापली आहेत. गीत, संगीत, आवाज हिलालनाना, बेन्जो माझा. खोकल्यापुढे कोणाचंच नाव नाही. अनिकेत सरांना विचारलं तर ते बाटलीतलं पाणी पितात. नानांना विचारलं तर ते गूढ हसतात, आणि आता ते हसू घरी चालतं.

तुम्ही हेडफोन लावून ऐका. खोकल्याच्या मागे बारीक बांगड्या वाजतात.

हां, मीठ कुठे टाकलं ते राहिलं. एसीमध्ये. तो खोकला नव्हता, नुसताच बंद पडला होता.

बांगड्या खऱ्या आहेत.