डोमाजीची हिरवी वायर

विजेच्या खांबावरून पडल्यापासून डोमाजीच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. लाइनवरचं काम सुटलं, तेव्हा तो समुद्रपुरात घरी बसून लाकडी बोर्ड बनवू लागला. एक बटण, एक सॉकेट. वायरचं कव्हर तो दातांनी सोलायचा, तारा पिळून त्यांचा आकडा करायचा आणि स्क्रूखाली दाबायचा. करंटची लाल वायर आधी बटणात, मग सॉकेटात. काळी थेट. हिरवी अर्थिंगची, वरच्या मोठ्या भोकाला. टोकाला तीन पिनांचा प्लग. हे बोर्ड त्याचा थोरला भाऊ किसनराव आपल्या दुकानात विकायचा आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला "थोट्या" म्हणून हाक मारायचा.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात बाबारावांनी कूलर घेतला आणि त्यासाठी डोमाजीचा बोर्डही. चौथ्या दिवशी त्यांची बायको आनंदाबाई बटण बंद करून कूलरमध्ये पाणी टाकायला गेली आणि त्याच्या पत्र्याला चिकटून मेली.

तेरवी झाल्यावर बाबारावांनी दोघा भावांना घरी बोलावलं. गल्ली जमली. डोमाजीची बायको प्रमिलाबाईही मागोमाग आली.

"थोट्यानं उलटं जोडलं असन," किसनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

डोमाजीनं बोर्ड उघडून दाखवला. लाल वायर बटणातच होती. मग त्यानं वायरचं दुसरं टोक हातात घेतलं. तिथे दोन पिनांचा प्लग होता आणि हिरवी वायर मुळातून छाटलेली.

"हा प्लग उलटा खोसला का बटण बंद असूनही करंट आत राह्यते. अर्थिंग बी नाई, मंग थो पत्र्यात उतरते. कोनं कापला माहा प्लग?"

किसनरावानं बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव खाली पाहत राहिले. त्यांच्या घरी दोन पिनांचंच सॉकेट होतं. 'बदलून दे' असं दुकानात त्यांनीच सांगितलं होतं आणि किसनरावानं तो बदलून दिला होता.

डोमाजीनं कूलर बोर्डाला जोडून प्लग भिंतीत उलटा खोसला, बटण बंद ठेवलं आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला.

"टेस्टर बी त्याचाच, खोटा हाय," किसनराव म्हणाला. "खरा असशीन तं हात लाव."

"येडा झाला का तू, दादा?"

किसनरावानं मागून त्याच्या पाठीत लाथ घातली. तोल सावरायला डोमाजीनं चांगला हात पुढे केला, तो कूलरवरच पडला. प्रमिलाबाईनं ओरडत धावून प्लग उपटला. बाकी कोणी जागचं हललं नाही.

डोमाजी वाचला. पण डाव्या तळव्याचं मांस जळून बोटं आत वळली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. उजव्या हाताच्या दोन बोटांत घास टिकत नव्हता. आनंदाबाईच्या मृत्यूबद्दल पोलिसांना दिलेल्या जबाबात किसनरावानं लिहून दिलं की बोर्ड डोमाजीनं बनवला. ते खरंच होतं. खाली बाबारावांनी सही केली. प्लगाबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. गावात डोमाजी 'बाई मारणारा' झाला.

प्रमिलाबाई एका दुपारी बाबारावांकडे गेली. "एकदा खरं सांगा भाऊ, प्लग तुमीच बदलवून घेतला. तुमच्या तोंडून निघालं तं गाव आयकन."

बाबाराव म्हणाले, "सांगू तं माह्या पोरी काय म्हणतीन? बापानंच मायले मारलं म्हणतीन. तुह्या नवऱ्याले लेकरं नाईत. त्याले काय फरक पडते?"

प्रमिलाबाईनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. डोमाजी भिंतीला टेकून बसला होता. ताट समोर, तिच्या हाताची वाट पाहत.

"त्याचं बी खरं हाय," तो म्हणाला. "पोरी हायेत त्याच्या."

तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात इतक्या जोरात कोंबला की ओठ फुटला.

"मंग ऱ्हाय खुनी," ती म्हणाली आणि निंदणाला निघून गेली. ताटातली बाकीची भाकरी तशीच राहिली.