स्टीम रूममधलं सॅम्पल

मशीन मला ओळखायला तयार नव्हतं.

तिसऱ्यांदा तोंड पुढे केलं. स्क्रीनवरच्या गोलात माझा चेहरा आला, गोल लाल झाला आणि आतली बाई गोड आवाजात इंग्रजीतून म्हणाली की चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

"आता दुसरा चेहरा कुठून आणू बाई?" मी मोठ्यानं विचारलं. ऐकायला कोणीच नव्हतं. याला सेल्फ चेक-इन म्हणतात. म्हणजे काउंटरवर माणूस नसतो. आपलं नाव आपणच नोंदवायचं, खोलीचा नंबर आपणच घ्यायचा, आपली बॅग आपणच ओढायची. दिग्रसच्या लॉजवर मी हेच सगळं आयुष्यभर करत आलो, पण तिथे त्याला गैरसोय म्हणत.

रिसॉर्ट पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून होतं. वाघ बघायला येणाऱ्या बड्या लोकांसाठी. माझ्या एका हातात बॅग आणि काखेत निळ्या कागदाची गुंडाळी. गुंडाळीत रुईचं, म्हणजे बी काढलेल्या कापसाचं, सॅम्पल.

मागून कोणी तरी म्हणालं, "सर, आयब्रो. आयब्रो साफ कीजिए."

मी भुवयांवरून रुमाल फिरवला. रुमालावर बोटभर रुई आली. कापसातून रुई काढायच्या जिनिंग कारखान्यातल्या माणसाच्या भुवया दिवाळीनंतर पांढऱ्या होतात त्या थेट होळीलाच काळ्या होतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, बायकोलाही वाटत नाही. मशीनला वाटलं. गोल हिरवा झाला.

वळून बघतो तर हाफपँट, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. आवाज ओळखीचा होता, फोनवर शंभरदा ऐकलेला. षण्मुगम साहेब. कोईमतूरच्या एका सूतगिरणीचे पर्चेस मॅनेजर. मी ज्यांना भेटायला आलो होतो तेच.

"वानखडे? दिग्रस जिनिंग?"

"हाव सर. म्हणजे, यस सर."

"चार बजे, कॉफी शॉप. सिर्फ सॅम्पल दिखाओ. बात नहीं. इस साल बहुत बात सुन लिया मैं." एवढं बोलून साहेब गेले.

वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. ही अळी बोंडात शिरून आतून सरकी, म्हणजे कापसाचं बी, खाते. बाहेरून बोंड छान दिसतं, फुटलं की आत पिवळी, चिकटलेली कवडी निघते. त्या कवडीचा कापूस चांगल्या कापसात मिसळला की रुईवर पिवळे डाग येतात आणि धागा कच्चा होतो. त्या वर्षी यवतमाळच्या मालाचं नाव काढलं की दक्षिणेच्या गिरण्या फोन ठेवून देत. आमच्या यार्डात रुईच्या दाबून बांधलेल्या गाठी पडून होत्या. यार्डात जागा नसल्यामुळे मशीन बंद करायची वेळ आली होती.

आमचे मालक बाबूशेठ. त्यांनी मला सकाळी केबिनमध्ये बोलावलं.

"वानखडे, षण्मुगम टायगर देखने आया है. उसी हॉटेल में तुम्हारा भी रूम बुक किया. जरा स्टँडर्डमध्ये राहा. त्यानं माल घेतला तर ठीक, नाही तर उद्या गेटले कुलूप. होळीपर्यंत घरी बसा सगळे."

सगळे म्हणजे मी आणि यार्डातल्या रेजा. रेजा म्हणजे आमच्याकडे मजुरी करणाऱ्या बायका. गेला महिनाभर या बायकांनी कापसाच्या ढिगावर बसून कवडी हातानं वेचून वेगळी केली होती. ही कल्पना माझी. स्वच्छ कापसाच्या गाठी वेगळ्या, उरलेल्या वेगळ्या. बायकांची बोटं सोलून निघाली होती आणि तोंडानं माझा उद्धार चालू होता.

गाडीत बसताना शेवंताबाई आडवी आली. त्या सगळ्यांची ती पुढारी.

"साहेब, उद्या डबा आनाव का नाई, एवढं सांगून जा."

"आना म्हटलं ना!"

"शेठ तं कुलूप म्हनून राह्यले."

"शेठले काय कळते? मी चाललो ना सॅम्पल घेऊन!"

काय तो माझा रुबाब! आता आठवलं की मलाच माझ्या कानाखाली द्यावीशी वाटते.

तर मी खोलीत गेलो. खोली काय होती, बाप्पा! पलंग एवढा की त्यावर अख्खी गाठ मोकळी करून पसरता आली असती. मी सवयीनं उशीचा कोपरा चिमटीत धरून बघितला. पॉलिस्टर. पाहुण्यांना एवढं लुटतात आणि कापसाच्या जिल्ह्यात पॉलिस्टरची उशी देतात. नाक मुरडून मी सॅम्पल उघडलं आणि टेबलावर पसरून ठेवलं. एसी आपोआप चालू झाला होता. तो बंद कसा करायचा हे मला कळेना, आणि विचारायला माणूस नव्हता. मग मी जेवायला गेलो.

परत येऊन चिमूटभर रुई ओढून बघितली.

रुई हाताने तपासतात ती अशी. चिमूटभर घ्यायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, परत जुळवायची, परत ओढायची. शेवटी तंतू एका रेषेत येतात. किती लांब आहेत आणि तुटतात किती, ते बघायचं. सकाळी दिग्रसला हे तंतू रेशमासारखे निघत होते. आता कटाकट तुटत होते. एसीनं रुईतला ओलावा शोषून घेतला होता. सुकलेली रुई ठिसूळ होते. साहेब चार वाजता चिमूट ओढणार, तंतू तुटणार आणि यवतमाळच्या नावानं अजून एक फुली.

अशा वेळी साधा माणूस काय करील? कागद गुंडाळून खिडकीबाहेर सावलीत ठेवील. अर्ध्या तासात हवेतला दमटपणा रुई आपसूक घेते. पण मी साधा नव्हतो. मी कॉटन सिलेक्टरचा कोर्स केलेला माणूस. कोर्समध्ये शिकवलं होतं की लॅबमध्ये सॅम्पल तपासण्याआधी ते ठरावीक दमट हवेत ठेवतात, त्याला कंडिशनिंग म्हणतात. आणि समोर भिंतीवर पाटी होती. स्पा. सौना. स्टीम.

मी स्वतःशीच मोठ्यानं म्हणालो, "वानखडे, मानलं बुवा तुले!"

स्पाच्या दारात मात्र माणूस होता. म्हणजे बाई होती. पांढरकवड्याचीच, रोशनी नावाची.

"सर, मसाज घेता का?"

"नाई. फक्त वाफ. दोन मिनिटं."

तिनं मला टॉवेल दिला आणि एक पुडी. पुडीत कागदाची चड्डी. आयुष्यभर सॅम्पल कागदात गुंडाळत आलो, स्वतःला गुंडाळायची वेळ पहिल्यांदाच आली. सॅम्पल मी टॉवेलखाली पोटाशी धरलं होतं.

"सर, ते काय आहे?"

"औषध," मी म्हणालो. यापुढे काही विचारायची तिची हिंमत झाली नाही.

आत काहीच दिसत नव्हतं. नुसता पांढरा धूर आणि निलगिरीच्या तेलाचा भपकारा. मी बाकावर बसलो, कागद उघडला आणि रुई दोन्ही हातांवर धरून वाफेत फिरवू लागलो. एकदा इकडे, एकदा तिकडे. तेवढ्यात भिंतीतल्या नळीनं फस्सकन आवाज करून नवी वाफ सोडली. थेट माझ्या हातांवर.

चटका बसला. मी ओरडलो. रुई खाली फरशीवरच्या पाण्यात पडली.

धुराच्या पलीकडून कोणी तरी म्हणालं, "कौन? क्या हुआ?"

हा आवाज मघाशीच भुवया साफ करा म्हणाला होता.

षण्मुगम साहेब समोरच्या बाकावरून उठून आले. तीच कागदी चड्डी, तोच टॉवेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. वाकून त्यांनी तो ओला गोळा उचलला, पिळला, नाकाला लावला.

"वानखडे. ये सॅम्पल है?"

"होतं, सर."

"सॅम्पल को स्टीम देने लाए?"

"सर, एसी में सूख गया था. थोडा कंडिशनिंग."

साहेबांच्या हातातून पाणी टपकत होतं. मला वाटलं, झालं. गेटला कुलूप. मी काही तरी बोलायला हवं होतं म्हणून तोंड उघडलं, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. चिडलो.

"सर, हाथ जोडता हूँ, इसको देखके हमारा माल मत ठहराओ. मूर्ख मैं हूँ, माल नहीं. मेरे यार्ड में आधी गाठी ऐसी हैं कि मैं खुद फुकट में नहीं लूँगा. कवडी का माल है. पर आधी गाठी हमारी बाइयों ने हाथ से बीनी हैं. उंगलियों से खून आया उनके. वैसा माल तुमको इस साल पूरे विदर्भ में नहीं मिलेगा. सॅम्पल-फॅम्पल छोडो. चलो दिग्रस. जो गाठ बोलोगे वो काटता हूँ. आपके सामने."

डोळ्यांत पाणी आलं होतं. वाफेमुळे कोणाला कळलं नाही, तेवढेच काय ते स्पाचे उपकार.

साहेबांनी गोळा बाकावर ठेवला.

"आधा माल खराब है? तुम बोल रहे हो?"

"हाव."

"तुम्हारे शेठ को मालूम, तुम ऐसा बोल रहे?"

"शेठ को मालूम हुआ तो मैं कल से यहीं चड्डी बाटूँगा, सर."

साहेब हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता त्यांना निलगिरीचा ठसका लागला आणि रोशनी घाबरून दार उघडून आत बघू लागली. "दो महीने से घूम रहा हूँ," ते म्हणाले. "सबका माल एक नंबर. सबका! तुम पहला आदमी बोला, आधा खराब. चलो. कपडा पहनो."

गाडीतून मी बाबूशेठला फोन केला. "शेठजी, पार्टीले घेऊन येऊन राह्यलो."

"इकडं?" शेठ ओरडले. "वानखडे, तुमाले तिकडं कायले पाठवलं? स्टँडर्डमध्ये राहा म्हटलं होतं मी! यार्ड पाह्यलं तं सगळं संपलं!" आणि फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. यार्डात शिरल्या शिरल्या मी कपाळावर हात मारला. खराब गाठींची अख्खी रांग शेठनं ताडपत्रीखाली झाकून टाकली होती. ताडपत्री नवी कोरी, चारही बाजूंनी दोरीनं बांधलेली. एवढी माया शेठनं चांगल्या मालावरही कधी केली नव्हती.

साहेबांनी चांगल्या गाठींकडे बघितलंही नाही. ते सरळ ताडपत्रीकडे गेले. "पहले ये खोलो."

"वो सरकी है साहब," शेठ म्हणाले.

"वानखडे बोला कवडी है."

शेठनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, यापेक्षा वाफ बरी होती. मी दोरी सोडली. साहेबांनी एका गाठीतून चिमूट काढली, ओढली, फेकली. मग पलीकडच्या रांगेत जाऊन बोट दाखवू लागले. ही कापा, ती कापा, ती मधली कापा. गाठीची पट्टी तुटली की रुई फुगून बाहेर येते. साहेब प्रत्येक गाठीतून चिमूट काढायचे, दिव्याखाली धरायचे आणि पुढे जायचे. शेवंताबाई आणि बाकीच्या बायका घरी गेल्याच नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शेवटी साहेबांनी हात झटकले. "ये लाइन पूरी मेरी. वो ताडपत्रीवाली मुझे नहीं चाहिए, मुफ्त में भी नहीं. और ऐसा बीना हुआ माल जितना बनेगा, मुझे फोन करो."

"म्हंजे?" शेवंताबाईनं मला विचारलं.

"म्हंजे उद्या डबा आना."

तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच उभी राहिली. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "अन् साहेब, हे पायात काय घातलं?"

मी खाली बघितलं. स्पामधल्या पांढऱ्या मऊ सपाता. माझे बूट टिपेश्वरलाच राहिले होते. सगळ्या बायका एकदम हसायला लागल्या, शेठही हसले. हसता हसता त्यांनी मला शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

जिनिंग होळीपर्यंत चाललं. कवडीच्या गाठी शेवटी गादीवाल्यांनी नेल्या. यार्डातल्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी रिसॉर्टमधून फोन आला की सर, तुम्ही चेक-आउट केलेलं नाही, मशीनसमोर येऊन चेहरा दाखवावा लागेल. मी म्हटलं, बाई, भुवया पुन्हा पांढऱ्या झाल्या, जमत नाही. बाबूशेठनं मला त्यानंतर कुठल्याही स्टँडर्ड हॉटेलात पाठवलं नाही. पार्टी आली की मलाच गेटवर उभं करतात आणि आधी खराब माल दाखवायला लावतात. ही पद्धत आपणच काढली असं ते चारचौघांत सांगतात, मी मान हलवतो.

या सगळ्यातून मी एकच शिकलो. आता कुठेही जाताना सॅम्पल दोन घेतो. एक पार्टीला दाखवायला आणि एक माझ्या हुशारीसाठी.