न साठलेली दुपार

१९७४च्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, रिठदच्या नाल्याच्या उतारावर, आमचे मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ सायकलवरून पडले आणि त्यांचं डोकं दगडावर आपटलं. मागून येणाऱ्या शेजाऱ्याने हे पाहिलं. तो पोहोचेपर्यंत ते उठले होते. त्यांनी धोतर झटकलं, साखरेची पिशवी हँडलला अडकवली, सायकलवर टांग टाकली आणि नीट घरी आले. दारात उतरून त्यांनी विचारलं, "आंगणात सतरंज्या कायले टाकल्या?"

त्या दुपारी माझ्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा होता. सोयरीक त्यांनीच जुळवली होती.

"सायकलवरून पडले तुमी," मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं.

"मी? कवा?"

"आत्ता."

"अरे बापा!" ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "आंगणात सतरंज्या कायले टाकल्या?" पडल्याची बातमी ऐकून दर वेळी ते तेवढेच चकित होत. दुसऱ्यांदा मोठी आई घाबरली. चौथ्यांदा बहिणीने आणि मी तोंडात पदर कोंबले.

प्रश्न गंभीर होता. बहीण वाशीमला मास्तरकीचं शिक्षण घेत होती आणि एक वर्ष बाकी होतं. ते पुरं होऊ द्यायचं, अशी अट मोठेबाबांनी मुलाच्या वडिलांना मेडशीच्या एसटी थांब्यावर तोंडी घातली होती. उत्तर मिळालं होतं, "पाहू." बैठकीत सगळ्यांसमोर पक्का होकार घेण्याचं काम मोठेबाबांचं होतं. आमचे वडील पाहुण्यांसमोर बोलत नसत. होकार आला नाही तर साखर तोंडात घेणार नाही, असं बहिणीने मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. आणि घरच्या माणसाच्या डोक्यात फरक पडला हे पाहुण्यांना कळलं, तर सोयरीक तिथेच संपणार होती. मोठ्या आईने टेंगळावर टोपी बसवली.

पाहुणे आले. जयभीम झाला. मोठेबाबा उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि त्रिसरण, पंचशील म्हणून घेतलं. एक अक्षर चुकलं नाही. मग खाली बसून त्यांनी मुलाच्या वडिलांकडे वळून विचारलं, "चा झाला काय सोयरे?" झाला नव्हता. आम्ही दिला.

"सोयरे, एक गोष्ट," मोठेबाबा म्हणाले. "पोरगी सालभर शिकन. मंग नांदाले येईन. मंजूर?"

अट त्यांच्या डोक्यात शाबूत होती. आतल्या खोलीत बहिणीने माझा दंड धरला.

"पाहू ना," मुलाचे वडील म्हणाले.

"बरं." मोठेबाबांनी टोपी सारखी केली. "चा झाला काय सोयरे?"

आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. पाहुण्यांनी दुसरा कप घेतला.

"सोयरे, एक गोष्ट. पोरगी सालभर शिकन."

"आयकलं मी. घरी इचारून सांगतो."

"बरं. चा झाला काय?"

तिसऱ्या कपाला मुलाचे वडील म्हणाले, "सहा महिने शिकू द्या." मोठेबाबांनी घासाघीस केली नाही. ते "बरं" म्हणाले, चहा मागवला आणि पहिल्यांदाच विचारावं तशा हसऱ्या चेहऱ्याने पूर्ण वर्ष मागितलं. पाहुण्यांमधला एक म्हातारा बाजूला बसलेल्याला म्हणाला, "हा माणूस कोर्टात पाह्यजे होता." चुलीपाशी दूध संपलं. मोठी आई शेजारी दूध मागायला पळाली. बहीण भिंतीला टेकून इतकी हसत होती की तिला बसावं लागलं.

चौथ्या कपानंतर मोजणं सुटलं. "सोयरे, एक गोष्ट," असं ऐकताच मुलगा, जो आतापर्यंत मान खाली घालून बसला होता, वडिलांना म्हणाला, "बाबा, हो म्हना ना! मले आता चा जात नाही."

सगळं अंगण हसलं.

"सालभर!" मुलाचे वडील ओरडले. "शिकू द्या, दोन सालं शिकू द्या, पन कप उचला!"

बहिणीला बाहेर आणलं. तिने साखर तोंडात घेतली. मोठेबाबांनी मुलाच्या वडिलांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सोयरे, एक गोष्ट."

"मंजूर! मंजूर!" असं आता पाहुणे मिळून ओरडत होते.

पुढे बातमीदारीत असताना एका मेंदूच्या डॉक्टरांना मी हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा एक वळणदार छोटा भाग असतो. घडलेली गोष्ट आठवण म्हणून आधी तिथे नोंदली जाते आणि मुरत मुरत बाहेरच्या थरांत पसरते. मारानंतर काही तास तो भाग बंद पडू शकतो. मुरलेली अट त्यामुळे राहिली, नवा होकार राहिला नाही. सायकलचा तोल मागच्या लहान मेंदूकडे आणि खोल गाठींकडे असतो. हजारदा म्हटलेले शब्दही असेच घट्ट बसलेले असतात. भीतीची जागा वेगळी, बदामाएवढी. त्या दिवसानंतर नाल्याच्या उतारावर मोठेबाबा नेहमी सायकलवरून उतरून चालायचे आणि का ते त्यांना सांगता येत नसे, त्याचा संबंध डॉक्टरांनी या जागेशी लावला. खात्रीने सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठेबाबांचे प्रश्न थांबले. दुसऱ्या दिवशी वाशीमच्या डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर झोपून राहायला सांगितलं. त्या रविवारची दुपार त्यांना कधीच आठवली नाही. होकार मिळाला का, हे त्यांनी सोमवारी बहिणीलाच विचारलं. तिने "हो" सांगितलं. सालभराने ती परीक्षा पास झाली आणि त्यानंतरच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं.