सदतीस जणांचा एक नंबर

लडक्याला सहावा महिना लागला आहे आणि त्याने पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्यावी, असं सरकारी दवाखान्याने कळवलं, तेव्हा तो वाडीत चिकूच्या झाडाखाली बसून भाकरी खात होता. वय अठ्ठावन्न, मिशा पिकलेल्या, नातवंडं दोन. मोबाईल जरा लांब धरून त्याने मेसेज पुन्हा वाचला. शाळा चौथीपर्यंतच झाली असली, तरी एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचायची सवय होती, त्यामुळे वाचण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. 'आपला सहावा महिना सुरू झाला आहे. गुरुवारी तपासणीस यावे.' आदल्या आठवड्यात त्याच दवाखान्याने त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचं सांगितलं होतं, आणि त्याआधी त्याची साडेतीन महिन्यांची लस राहिल्याचं.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. लडक्या तसा नव्हता. बोलावलं की जायचं, मग ते लग्न असो, मयत असो की ग्रामसभा. त्याची बायको बुधी म्हणायची, "या माणसाला कुत्र्याने भुंकून बोलावला तरी हा चप्पल घालून निघल."

गुरुवारी धुतलेला सदरा घालून तो केसपेपरच्या खिडकीशी उभा राहिला. दवाखान्याचं नाव इथे घेत नाही. तिथल्या माणसांनी चूक केली तशी निस्तरलीही, पण नाव छापलं की लोकांच्या ध्यानात चूकच तेवढी राहते.

खिडकीत संगिता बसायची. मसोलीची, नवरा शिक्षक, हात चालायचा झपाझप आणि तोंड त्याहून. लडक्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. "संगिताबाई, मला बोलवलाय."

संगिताने मेसेज वाचला, त्याच्या मिशांकडे पाहिलं, आणि ती इतकी हसली की आतली सिस्टर काय झालं म्हणून बाहेर आली. मग तिने त्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या एका नंबरवर सदतीस माणसं होती.

त्यात पाड्यातल्या लोकांचं काही चुकलं नव्हतं. आशागडच्या आत, डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. ज्यांच्याकडे फोन होते ती तरणी पोरं वापी, उंबरगाव, सरीगामच्या कंपन्यांत, आणि फोन त्यांच्या खिशात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, बायका, पोरं यांच्यात चालू फोन एकच होता. लडक्याच्या मुलाने, नविनने, नवा घेतल्यावर जुना बापाला दिला होता. दवाखान्यात कॉम्प्युटर आला, खिडकीतून "मोबाईल नंबर?" असा प्रश्न आला, आणि जो तो लडक्याचा नंबर सांगू लागला. हिरी म्हातारीला स्वतःचं वय माहीत नव्हतं, पण लडक्याचे दहा आकडे ती पाढ्यासारखे म्हणून दाखवायची. आता कॉम्प्युटरला काय ठाऊक? त्याला वाटलं, एक नंबर म्हणजे एक माणूस. तो आपला सगळ्यांना 'आपण' म्हणून लडक्याला बोलवत बसला.

त्या दिवशी अनिकेतही दवाखान्यात होता. वडील रेल्वेत, घर डहाणू रोडला. पेशंटच्या नोंदी ठेवून मेसेज धाडणारा हा प्रोग्रॅम दवाखान्यांत बसवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत तो काम करायचा आणि आठवड्यातून एकदा इकडे फेरी मारायचा. संगिताने त्याला हाक मारली. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोपं आहे. मेसेजमध्ये पेशंटचं नाव टाकू. डॉक्टरांना विचारून आजच करतो."

"आजच?" संगिताचा विश्वास बसेना. आधीच्या प्रोग्रॅमात आडनावाची चौकट मोठी करून घ्यायची, तर कंपनीला पत्र धाडून वर्षभर वाट पाहावी लागली होती. हा फुकटातला म्हटल्यावर तर याला कुणी वालीच नसणार, असं ती धरून चालली होती.

"ताई, फुकट आहे हे खरं, पण खरी गोष्ट ती नाही," अनिकेत म्हणाला. "याच्या आत जे लिहिलंय ते सगळं उघडं आहे. कुणीही वाचावं, आपल्या दवाखान्याला हवं तसं बदलावं, सुधारलेलं दुसऱ्याला द्यावं. कितीतरी गरीब देशांतले सरकारी दवाखाने हाच वापरतात."

"मग मालक कोण?" लडक्याने विचारलं.

"कुणी एक नाही. सगळेच."

लडक्याने जरा विचार केला. पाड्यावरच्या विहिरीचंही तसंच होतं. पाणी सगळ्यांचं, आणि गाळ काढायला उतरेल त्याची विहीर. "मग नावासोबत कशासाठी बोलवलाय तेही लिहा," तो म्हणाला. "लोक मला विचारतात कशाला जायचा, म मी कनाला काय सांगू?"

अनिकेतला ते पटलं. संगितालाही पटलं. दोन शिकलेली माणसं समोर होती, पण दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हे बरं नव्हे.

त्यानंतर रोज संध्याकाळी लडक्या हातपंपाजवळच्या टेकाडावर जायचा, कारण रेंज तिथेच लागायची. बायका पाणी भरायला आलेल्या असायच्या. तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवायचा. हिरीच्या प्रेशरच्या गोळ्या, कुणाच्या बाळाची लस, कुणाचं रक्त तपासायचं. लोक वेळेवर दवाखान्यात जाऊ लागले. खरं सांगायचं तर लडक्याला ते फार आवडायला लागलं होतं. उभ्या जन्मात त्याच्या बोलण्याची कुणी वाट पाहिली नव्हती, आता तो टेकाडावर चढला की हंडे खाली ठेवले जायचे.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा आठ दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. पाड्यात काळी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. बाप नव्हता, आई आणि भाऊ. तलासरीकडून तिला बघायला पाहुणे आले होते आणि पंपाजवळच्या तिच्या घराच्या ओट्यावर बसले होते. काळी त्यांच्यासाठी पाणी भरत होती. लडक्या टेकाडावर चढला, फोन वाजला, आणि रोजच्यासारखा एकेक शब्द लावत तो मोठ्याने वाचत गेला. "काळी. आपल्या टीबीच्या गोळ्या संपल्या आहेत. सोमवारी यावे."

शेवटचा शब्द तोंडातून निघाला तेव्हा कुठे त्याला आपण काय वाचलं ते कळलं. पंपाचा दांडा थांबला होता. काळीने भरलेला हंडा तसाच खाली ठेवला आणि ती घरात गेली. पाहुणे चहा पिऊन गेले, आणि दोन दिवसांनी नकार आला.

नकाराचं दुःख होतंच, पण लडक्या हादरला तो पुढचं ऐकून. काळीने गोळ्या सोडल्या. सहा महिन्यांपैकी दोन झाले होते, खोकला गेला होता, चेहऱ्यावर तेज आलं होतं. अर्ध्यात सोडलं की हा आजार जोराने उलटतो आणि मग त्या गोळ्यांना जुमानत नाही, हे लडक्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा पाठचा भाऊ तसाच गेला होता. बरं वाटतंय म्हणून सोडलेल्या गोळ्यांचं पाकीट त्याच्यामागे कुडाच्या भिंतीत खोचलेलं सापडलं होतं.

तो काळीच्या दाराशी गेला. "काळे, चूक झाली माझी. मला मार पाहिजे तर. पण गोळ्या सोडू नको."

आतून आवाज आला. "वाच ना काका, अजून मोठ्याने वाच. तलासरीपर्यंत ऐकू गेला नसल."

या माणसाला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं होतं, पण इतकं कधी लागलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने ताटाला हात लावला नाही. बुधीनेही त्या दिवशी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीचं काम बुडवून तो खिडकीशी हजर झाला. संगिताने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अनिकेतला फोन गेला. तो डहाणूहून तासाभरात आला, तोंड उतरलेलं.

"मीच सांगितला होता लिहा म्हणून," लडक्या म्हणाला.

"तुम्ही सांगितलं, पण विचार आम्ही करायला हवा होता, काका," संगिता म्हणाली. "इथे मी कागदावर आजार लिहिते तेव्हा हाताने झाकून लिहिते. तिथे कसं सुचलं नाही मला?"

आजाराचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत निघालं. यापुढे मेसेजमध्ये नाव आणि दिवस एवढंच येणार होतं. पण काळी काही आली नाही. तिची आई पाण्यावर भेटली तेव्हा म्हणाली, "ती नाय जात. सडकेला लागली का लोक बोलतात, ती बघ टीबीवाली चालली दवाखान्यात."

लडक्या दोन दिवस त्या वाक्यावर विचार करत चिकू उतरवत होता. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीशी गेला. अनिकेतचा फेरीचा दिवस होता. "साहेब, माझ्या नंबरवरची सगळी माणसं एकाच दिवशी बोलवता येतील का? बाजाराच्या दिवशी. सगळीच निघाली, म जो तो कशासाठी चाललाय कनाला कळल?"

अनिकेतने लगेच प्रोग्रॅम उघडून पाहिला. असं करायची सोय प्रोग्रॅमात नव्हती. प्रत्येकाची तारीख वेगळी, ज्याच्या त्याच्या औषधाप्रमाणे. पण औषधं त्याच दिवशी संपतील अशी सिस्टरने मोजून दिली, तर जमण्यासारखं होतं. ज्याला तातडी त्याची तारीख तशीच राहील, बाकीच्यांचा दिवस एक, असं ठरलं. डॉक्टरांनी होकार दिला. अनिकेतने चार दिवस बसून ती सोय लिहिली, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांसाठी उघडी ठेवली. बाजाराच्या आदल्या दिवशी तो लडक्याला सांगत आला, "काका, आफ्रिकेतल्या एका दवाखान्याने तुमची कल्पना उचलली. तिथेही अख्ख्या वस्तीत एकच फोन आहे म्हणे."

"कनाकडे हाय?"

"असेल कुणी तुमच्यासारखा."

"त्याला सांगा, आजार लिहून घेऊ नको म्हणावं," लडक्या म्हणाला. दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. काळीचा खंड पडून सोळा दिवस झाले होते.

बाजाराच्या दिवशी सकाळी दोन जीप आणि एक टेम्पो पाड्याखाली उभे राहिले. म्हाताऱ्या, पोटुश्या बायका, काखेला पोरं घेतलेल्या आया, दुखणं असलेले, नसलेले, टोपल्या, कोंबड्या, सगळे चढले. लडक्याने छत्तीस मोजले. काळीच्या घराकडे बघायचं धाडस त्याला होईना. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. तेवढ्यात हिरी म्हातारी टेम्पोच्या फळीवरून ओरडली, "काळे, चल की! मला तिथे उतरवायचा कोण? हा लडक्या?"

काळी बाजाराची रिकामी पिशवी घेऊन खाली आली. लडक्याकडे न बघता हिरीशेजारी जाऊन बसली. सडकेवर चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "काय, वरात कुठं?" टेम्पोतल्या चार बायका एकदम ओरडल्या, "दवाखान्यात!" आणि सगळे हसले. काळी हसली नाही, पण तिने तोंडही लपवलं नाही.

सगळ्यांना सारख्याच खाकी पाकिटांत औषधं मिळाली. सिस्टर काळीशी दार लावून बराच वेळ बोलली. पडलेला खंड भरून निघणार होता, दिवस तेवढे वाढणार होते. काळी पाकीट पिशवीत टाकून बाहेर आली, तशी संगिताने तिला खिडकीशी बोलावलं. मेसेज कुठल्या नंबरवर हवा, हे दवाखान्याने त्या दिवशी प्रत्येकाला विचारायचं ठरवलं होतं. लडक्या भिंतीलगतच्या बाकावर बसला होता.

"काळी, तुझ्या भावाकडे आता फोन आहे ना?" संगिताने हळू आवाजात विचारलं. "त्याचा नंबर टाकते. किंवा कुठलाच नको असेल तर मेसेज बंद करते. तू म्हणशील तसं."

उठून लांब जावं असं लडक्याला वाटलं, पण उत्तर ऐकल्याशिवाय जाववेना. नंबर बदलणार, आणि बदलावाच, असं त्याने मनाशी कबूल करून टाकलं होतं. काळीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पंपावरच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

"काकाचाच राहू दे," ती संगिताला म्हणाली. मग बाकाशी येऊन उभी राहिली. "मेसेज आला का मला घरी येऊन दाखवायचा. पंपावर नाय."

लडक्याने होकाराची मान हलवली. मग मोबाईल सदऱ्याच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.