आईच्या हातातलं खोरं

आईच्या छातीत धडधडायला लागलं की मी तिला आमच्या कळस गावाहून गाडीवर बारामतीला न्यायचो. ती मागे माझा शर्ट मुठीत घट्ट धरून बसायची. ईसीजी निघायचा, रक्त तपासलं जायचं आणि डॉक्टर म्हणायचे, सगळं नॉर्मल आहे. बातमी चांगलीच, पण मी ती तिच्या तोंडावर फेकायचो. "बघ, काही झालेलं नाही तुला. उगं सोंगं करू नको." ती पदरानं कपाळ पुसायची.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर सहज म्हणाले, जरा विश्रांती घेऊ द्या. खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं. इंदापूरच्या कचेरीत मी कारकून होतो, आणि कारकून म्हणजे गावात साहेबच. साहेबाची आई चिखलात उभी राहून उसाला दारं धरते, हे मला खुपायचं. दारं धरायचं म्हणजे पाटाचं पाणी खोऱ्यानं एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. लग्न होऊन आल्यापासून ती ते अनवाणी करत होती. मी तिच्या हातातलं खोरं काढून घेतलं, रानात ठिबकच्या नळ्या टाकून पाटाचं पाणी बंद केलं आणि तिला पंख्याखाली बसवलं. पोरगा असावा तर असा, असं चार लोक म्हणाले. मला ते गोड लागलं.

आई पंख्याखाली वाळत गेली. आठवड्यातून एकदा होणारी धडधड रोजची झाली. दारात कुणाची चप्पल वाजली तरी दचकायची.

मग एकदा इंदापूरच्या एसटी स्टँडवर माझीच छाती आवळली. हाताला मुंग्या, तोंड कोरडं, वाटलं संपलो. रिपोर्ट नॉर्मल. सोंग कुणी म्हणालं नाही. साहेबाला कोण म्हणणार? डॉक्टरांनी बारामतीतल्या एका समुपदेशक बाईंकडे धाडलं.

बाईंनी बूट-मोजे काढायला लावले. "तळव्यांना फरशी कशी लागते, तेवढंच बघा," त्या म्हणाल्या. "धडधडीशी भांडू नका. श्वास सावकाश सोडा. घरी जमलं तर ओल्या मातीवर उभे राहा."

ओली माती म्हटल्यावर माझी मान खाली गेली. खोरं टेकून, लांब उसासा टाकून सरीत उभी राहणारी आई मला दिसली. तिचं औषध मीच तिच्या हातातून हिसकावलं होतं.

त्याच दुपारी घरी येऊन म्हणालो, "आई, चल रानात. अनवाणी उभी राहा जरा, बरं वाटेल. बारामतीच्या बाई म्हणाल्या."

"त्या म्हणल्या म्हणून पटलं व्हय तुला? मी सांगत व्हते, पाण्यात गेलं की माझं थांबतंय. तू म्हणलास, लोक काय म्हणतील."

तिनं सांगितलं होतं. मला चांगलं आठवत होतं.

तरी ती आली. उसात काळ्या नळ्या पसरल्या होत्या, बुडाशी तेवढी ओल, सरी कोरड्या ठणठणीत. आईनं चप्पल काढली आणि थोडा वेळ उभी राहिली.

"हितं पाणी कुठं हाय?" म्हणाली, आणि चप्पल घालून माघारी फिरली.

आता मी रोज सकाळी अंगणात पाणी मारून अनवाणी उभा राहतो. आईलाही हाक मारतो. ती येत नाही. मला चांगलाच फरक पडलाय. ती पंख्याखालून बघत असते.