डाव्या तळहातावरचा देव

डाव्या हाताला कंप सुटला तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, मी घेऊ लागलो. पण आम्हा लिंगायतांची इष्टलिंगाची पूजा होते डाव्या तळहातावर. एका सकाळी लिंग घरंगळता घरंगळता वाचलं. मी ते गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं, ते पुन्हा बाहेर काढलंच नाही. मग जेवण नकोसं झालं. पहाटेच जाग यायची आणि जाग आलीच कशाला, असं वाटायचं. शिवानं मला टाकलं, अशी माझी खात्रीच झाली.

घरात कुणाला काही कळलं नाही, कारण मी शांत होतो. मुलगा कौतुकानं सांगायचा, अप्पांना वैराग्य आलंय. गल्लीतली माणसं पाया पडू लागली. आता बोला! डॉक्टरांना मी नुसता हात दाखवून यायचो. मनाचं दुखणं देवाकडचं, ते त्यांना काय सांगायचं?

श्रावणातल्या एका सोमवारी मुलाबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात बसलो होतो. अक्कलकोटकडचे एक वृद्ध जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांतले पुरोहित, शेजारी टेकले. ओळख ना पाळख. मुलानं त्यांनाही माझं वैराग्य ऐकवलं. त्यांनी मला विचारलं, जेवण जातं का, झोप लागते का, नातवंडं जवळ आली की बरं वाटतं का. मी नकारार्थी मान हलवत राहिलो.

"अप्पा, मी लई विरक्त बगितल्यात," ते म्हणाले. "ते पोटभर जेवत्यात, हसत्यात. तुमचं हे वैराग्य न्हाय, आजार हाय. माज्या भावाला कंपवातात असंच झालं हुतं. डाक्टरला सांगा की."

मला तिथंच रडू कोसळलं. मुलगा खाली बघत माझा हात धरून बसला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, या आजारात उदासीही पुष्कळांना येते, तिच्यावर उपचार आहेत, भक्तीशी तिचा संबंध नाही. मनासाठी वेगळी गोळी दिली, रोज चालायला आणि समुपदेशकांशी बोलायला सांगितलं. लगेच काही घडलं नाही. काही आठवड्यांनी मात्र मी आपणहून भाकरीबरोबर शेंगाची चटणी मागितली आणि ही पदरानं डोळे पुसत आत गेली.

पुढच्या सोमवारी लिंग बाहेर काढलं. हात थरथरत होताच, अजूनही थरथरतो. हिनं आपला तळहात माझ्या हाताखाली धरला. बेलाचं पान घसरून पडलं, लिंग राहिलं. ते जंगम पुन्हा दिसले नाहीत. कोण होते, याचा मी शोध घेत नाही, रोज हात तेवढे जोडतो. इतकी वर्षं मला वाटायचं, मी देवाला धरून आहे; धरून तर त्यानंच मला ठेवलं होतं.