यात बरोबर किंवा चूक असं काही नाही

आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जापेक्षा लांब काही लिहिणारा मी पहिलाच. कॉलेजात जाणाराही पहिलाच. त्यामुळे आपल्याला लिहायचा हक्क आहे की नाही याची मला खात्री वाटत नाही. दुसरं कारण जास्त अवघड आहे. ज्या बाईंबद्दल लिहितोय त्यांना आम्ही कबूल केलं होतं की तुमचं नाव, गाव कुठेही येणार नाही. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही, माझंही नाही. हे लिहिणंसुद्धा त्या कबुलीत बसतं का, ते मला ठरवता आलेलं नाही. तरी लिहितो आहे.

अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकायला आलो तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला युनिव्हर्सिटीत एक काम मिळालं. एका संशोधन प्रकल्पासाठी ब्रिटनमधल्या साध्या लोकांना फोन करायचे आणि प्रश्न विचारायचे. प्रश्नांचे तीन भाग होते: राजकारण, गुंतवणूक आणि घर. तीच माणसं, दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न. अमेरिकेत बसून इंग्लंडची चौकशी भारतातल्या मुलाने का करायची, हे मी विचारलं नाही. कॅम्पसवरचं काम होतं आणि व्हिसात बसत होतं, तेवढं मला पुरे होतं.

तळमजल्यावर खुराड्यांसारखी टेबलं, प्रत्येकावर हेडफोन आणि कॉम्प्युटर. शनिवारी सकाळी आठला आम्ही सुरुवात करायचो, कारण तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर माझा रूममेट बसायचा. तो पुण्याचा. आम्हा दोघांना पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझरने एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. समोरच्या माणसाने ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं तर म्हणायचं, ‘यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. आम्हाला फक्त तुमचं मत हवं आहे.’ याच्या पुढे एक शब्दही नाही. सगळे कॉल रेकॉर्ड होत होते. माझ्या आधीच्या एका मुलाने कुणाला तरी शेअर्सबद्दल सल्ला दिला आणि त्याला त्याच आठवड्यात काढलं, हे सुपरवायझरने आम्हाला शांतपणे सांगितलं होतं.

लोक बोलायचे फार छान. ‘राजकारण? मला त्यात रस नाही’ असं म्हणून एक गृहस्थ कचऱ्याच्या गाडीवर आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर वीस मिनिटं बोलले. एकाने सांगितलं की तो आयुष्यभर एकाच पक्षाला मत देत आला आणि निवडून आलेला एकही माणूस त्याला आवडला नाही. शेअर्सचं नाव काढलं की बहुतेकांचा आवाज बदलायचा, ते दुसऱ्या लोकांचं काम, असा. बँकेत किती आहेत हे कुणी सांगायचं नाही, पण घराची किंमत विचारण्याआधीच सांगून टाकायचे. स्वतःची आणि शेजाऱ्याचीही. एक बाई दर रविवारी आपल्या गल्लीतलं कुठलं घर कितीला गेलं ते इंटरनेटवर बघायच्या. ‘विकायचं नाहीये मला,’ त्या म्हणाल्या, ‘नुसतं बघते.’

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या बाई उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात एकट्या राहत होत्या. वय ऐंशीच्या आसपास, नवरा वारलेला, एक मुलगी. त्यांचा फोन घराच्या पुढच्या पॅसेजमध्ये होता आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसून बोलायच्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लव्ह’ म्हणायच्या. तिकडे दुकानदारालाही तसंच म्हणतात, पण मला ते कानाला ‘बाळा’ असं ऐकू यायचं, म्हणून इथे तसंच लिहितो.

घराच्या भागात पहिला प्रश्न होता: घर स्वतःचं की भाड्याचं?

‘स्वतःचं,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्याच्यावरून माझं लग्न मोडायची वेळ आली होती, बाळा. तुझ्या कॉम्प्युटरात त्याला चौकोन आहे का?’

नव्हता. त्यांनी तरीही सांगितलं. घर मुळात नगरपालिकेचं, भाड्याचं. मग सरकारने कायदा केला की भाडेकरूंना ती घरं स्वस्तात विकत घेता येतील. नवरा बस डेपोत मेकॅनिक, युनियनचा कट्टर माणूस. हा कायदा आणणाऱ्या पक्षाचं नाव घरात निघालं की तो जेवणावरून उठायचा. त्याचं म्हणणं, हे घर आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं आहे, आपण ते विकत घेणारे कोण? बाईंनी कॅन्टीनमध्ये काम करून साठवलेले पैसे भरले आणि सही केली. त्याने पंधरा दिवस अबोला धरला.

‘भाड्याच्या घरांची दारं सगळी एकाच हिरव्या रंगाची असायची,’ त्या म्हणाल्या. ‘विकत घेतलं की लोक पहिलं दार रंगवायचे. म्हणजे सगळ्यांना कळावं. मला निळं हवं होतं.’

‘मग?’

‘निळा त्या पक्षाचा रंग ना! तो म्हणाला, निळं लावलंस तर मी विटांनी दार बुजवतो. मग मी लाल केलं, त्याच्या पक्षाचा रंग, त्याला बरं वाटावं म्हणून. तरी वर्षभर तो मागच्या दाराने ये-जा करत होता. पावसात. भिजलेले बूट घेऊन माझ्या स्वयंपाकघरातून!’

मी हसलो. हसायला बंदी नव्हती. शेजारून रूममेटने चिठ्ठी सरकवली: ‘यार, सर्व्हे आहे की कीर्तन?’

गुंतवणुकीच्या भागात त्यांनी सांगितलं की शेअर्स म्हणजे जुगार. पण सरकारचे एक रोखे असतात, त्यांवर व्याज मिळत नाही, दर महिन्याला सोडत निघते आणि नशीब असेल तर बक्षीस लागतं, ते त्यांच्याकडे होते. मी प्रश्नावलीच्या बाहेर जाऊन विचारलं, ‘हा जुगार नाही का?’

‘अजिबात नाही. मुद्दल परत मिळतं.’

दुसऱ्या फोनच्या वेळी त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘तुझं घर कुठे आहे?’ मी म्हणालो, नागपूरच्या पुढे, एक लहान गाव. ‘गावाच्या चांगल्या भागात?’ त्या सहज म्हणाल्या. मी थांबलो. आमच्याकडे घर कुठे आहे एवढं सांगितलं की बाकीचं समोरच्याला आपोआप कळतं, म्हणून मी ते सांगायचं टाळत आलो आहे. रूममेटला मी नुसतं ‘नागपूर’ एवढंच सांगितलं होतं.

‘काही वावगं विचारलं का मी?’

‘नाही. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे आहे. विहाराच्या मागे दोन खोल्या. आमच्या लोकांची वस्ती वेगळी असते.’

त्या म्हणाल्या, ‘मीसुद्धा आमच्या वसाहतीचं नाव सांगितलं की दुकानातल्या पोरींचा चेहरा बदलायचा. म्हणून तर ते दार रंगवलं, बाळा. त्याला कधी कळलं नाही ते.’

तो कॉल संपल्यावर रूममेट म्हणाला, ‘काय रे, तुझ्या आजीबाई इस्टेट तुझ्या नावावर करणारेत वाटतं?’ त्याने दुसरं काही ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी त्याने माझ्यासाठीही चहा आणला.

तिसरा फोन मागच्या शरद ऋतूतला. सुरुवातीलाच मला त्यांचा आवाज वेगळा वाटला. राजकारणाचे प्रश्न त्यांनी ‘तेच, तेच, मागच्यासारखंच लिही’ करत संपवले. घराचा प्रश्न आला तेव्हा म्हणाल्या, ‘आत्ता तरी माझंच आहे. बुधवारी वकिलाकडे जायचंय.’

मुलीचं म्हणणं होतं की आईने घर आत्ताच तिच्या नावावर करावं. पुढे म्हातारपणात सांभाळ करणाऱ्या संस्थेत राहावं लागलं तर त्या खर्चात घर जातं, असं सगळे म्हणतात. त्यापेक्षा आत्ताच करून टाक, तू काय, तिथेच राहणार आहेस.

‘पोरगी वाईट नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘मी नाही म्हटलं तर रडेल. तू शिकलेला आहेस. तुला काय वाटतं, करू सही?’

मला काय वाटतं, ते मला नक्की माहीत होतं. वकिलासारखं नाही, पण माहीत होतं. माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी तारण हवं होतं. घर आईच्या नावावर होतं, तिला पगार नाही, म्हणून बँकेच्या सोयीसाठी तिने ते दादाच्या नावावर केलं. तिने सही केली त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभा होतो आणि खूश होतो. दादा चांगला आहे, वहिनीही वाईट नाही. पण त्या फोनच्या आधीच्याच आठवड्यात आईशी बोलताना मी विचारलं होतं, मी पाठवलेलं कॅलेंडर लावलं का?

‘नाही बाप्पा,’ आई म्हणाली. ‘खिळा ठोकायचा आहे. तुह्या दादाले विचारतो म्हटलं.’

‘खिळ्याला काय विचारायचं?’

‘तसं नाही रे. भिंत त्यायची हाय ना आता. तू जेवला का?’

हे मला त्या बाईंना सांगता आलं असतं. फार नाही, एवढंच की माझ्या आईला आता खिळा ठोकायच्या आधी विचारावं लागतं. त्याला सल्लासुद्धा म्हणता आलं नसतं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका होता, आणि नोकरी गेली तर पुढच्या महिन्याचं भाडं कुठून आणणार, हा विचार डोक्यात होता. आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. ते त्यांना सांगायचं म्हणजे आधी मला स्वतःला सांगावं लागलं असतं की आईचं घर माझ्यामुळे गेलं. ते मी तोपर्यंत मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, ‘यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. आम्हाला फक्त तुमचं मत हवं आहे.’

पलीकडून जिन्याची पायरी करकरल्याचा आवाज आला.

‘बरोबर आहे, बाळा,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं काम आहे ते. विचार पुढचा प्रश्न.’

पुढचा प्रश्न होता: येत्या वर्षात तुमच्या घराची किंमत वाढेल, घटेल की तेवढीच राहील? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मी ‘माहीत नाही’चा चौकोन भरला.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी लेक्चरला गेलो, वह्या भरल्या, काही लक्षात राहिलं नाही. फोन नंबर माझ्याकडे होता, म्हणजे यादीत होता. स्वतःच्या फोनवरून करणं नियमात नव्हतं. संध्याकाळी मी रूममेटला सगळं सांगितलं, आईचंही, वस्तीचंही.

तो म्हणाला, ‘अरे, तू सांगितलं असतंस तरी तिने ऐकलं असतं का? मुलीचं ऐकतात लोक.’

‘निदान मी सांगितलं तरी असतं.’

‘मग कर की आता फोन! नियम कसले, माझा फोन घे.’ त्याने खरंच फोन पुढे केला. तिकडे रात्र झाली होती. मी म्हणालो, झोपल्या असतील. त्याने फोन खिशात ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही. नंतर मला वाटत राहिलं की दुसऱ्या दिवशी तिकडे सकाळही झाली होती.

हिवाळ्यात मी सुपरवायझरकडे जाऊन कॉल बंद करून मागितले. कारण अभ्यासाचं सांगितलं. तिने मला दुसऱ्यांनी भरलेली उत्तरं तपासायच्या कामावर घातलं. आईला मात्र मी एका रविवारी फोन करून म्हणालो, ‘कॅलेंडरचा खिळा आज ठोक. दादाला मी सांगतो.’ ती हसली. म्हणाली, ‘वर्ष सरत आलं, आता नवंच पाठव.’ दादाला मी अजून काही बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात ताज्या फेरीची उत्तरं माझ्याकडे आली. नावं नसतात, नुसते क्रमांक. त्यांचा क्रमांक मला पाठ आहे. राजकारण: मागच्यासारखंच. गुंतवणूक: तेच रोखे. घर: ‘नातेवाइकाच्या घरी, भाडं नाही.’ मुलाखतीच्या वेळी शेजारी दुसरं कुणी होतं का: हो, मुलगी. वेळ: अकरा मिनिटं. माझ्या वेळी त्यांचा कॉल कधी चाळीसच्या खाली आला नव्हता.

शेवटी एक मोकळा रकाना असतो, आणखी काही सांगायचं आहे का म्हणून. बहुतेक वेळा तो रिकामा असतो. माझ्या जागी फोन करणाऱ्या नव्या मुलीने त्यात त्यांचे शब्द टाईप केले होते: घर वसंतात विकलं. नव्या लोकांनी दार करड्या रंगाचं केलंय. आधी फोन करायचा तो मुलगा अजून तिथे असेल तर त्याला सांगा, तो फार चांगला होता, त्याने कधीही स्वतःचं मत माझ्यावर लादलं नाही.